मायक्रोप्लास्टिक : ताटातलं नको, समुद्रातलं सांगा

ओहोटी (धागाकर्ता)
हा विषय निघाला की चौथ्या वाक्याला गाडी "मग आता मासे खायचे की नाही" यावर येते. बातमी असो, व्हॉट्सॲप असो, ऑफिसातला चहा असो. माणसाच्या रक्तात सापडलं, आईच्या दुधात सापडलं, हे सगळ्यांना पाठ. पण ज्यांच्या घरात हे जाऊन पडतंय त्यांचं काय होतं?

मी माहीमला राहतो, प्राणिशास्त्र पदवीपुरतंच शिकलोय. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, जवळा, मांदेली, कासवं, या जीवांना पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकने नेमकं काय होतं? मरतात? वाढ खुंटते? की काहीच होत नाही आणि आपण उगाच बोंब मारतोय? जाणकारांनी लिहावं.

विनंती : पाककृती नकोत.

कालवण
पहिला!
श्रावण झाला, गणपती गेले, रविवार तोंडावर आलाय. तिसऱ्या आणायच्या की नाही तेवढं सांगा, मग चालू द्या तुमचं.

तिरफळ
हसून हसून पुरेवाट. चौथं वाक्य कसलं, पहिल्याच प्रतिसादात गाडी लागली.

शाकाहारी_साळू
आम्ही सुटलो. वरणभात झिंदाबाद.

अणुरेणू
साळूताई, वरणात मीठ घालता ना? 2018 मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी बाजारातलं समुद्री मीठ तपासलं होतं. नमुन्यांतून 626 कण निघाले. 63 टक्के तुकडे, उरलेले धागे. त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट मात्र बातम्यांत फारशी आली नाही : खारं पाणी आधी साध्या वाळूतून गाळलं तर वजनाने 85 टक्क्यांहून जास्त प्लास्टिक मागे राहतं. म्हणजे उपाय महागडा नाही.

मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. आत्ता लोकलमध्ये आहे, एका हाताने टंकतोय.

शाकाहारी_साळू
मी सैंधव खाते.

तिरफळ
सैंधव द्रोणात बांधून मिळतं का हो तुमच्याकडे?

निवृत्तकाका
विषय गंभीर आहे, थट्टा नको. आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आमच्या सकाळच्या ग्रुपवर आलं होतं. पाच ग्रॅम! वर्षाचा हिशोब करा.

सडेतोड
काका, सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. 2019 मध्ये एका पर्यावरण संस्थेसाठी ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाने तो अंदाज केला होता. त्यांच्याच शोधनिबंधात आकडा 0.1 ते 5 ग्रॅम असा आहे. बातमीवाल्यांनी वरचं टोक उचललं आणि त्याचं कार्ड करून टाकलं. 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने कणांचे आकार नि वजनं नीट धरून तोच हिशोब केला, तर आठवड्याला साधारण 4 मायक्रोग्रॅम आले. ग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम. त्या हिशोबाने एक कार्ड संपवायला तुम्हाला हजारो वर्षं लागतील.

निवृत्तकाका
मग ग्रुपवर काय सांगू?

सडेतोड
काही सांगू नका. उद्या दुसरं येईल.

वेसावची_पोर
मी शास्त्रातलं काही सांगू शकत नाही, दर्यातलं सांगते. आमची डोल आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : डोल म्हणजे मागे निमुळतं होत जाणारं भलंमोठं पिशवीचं जाळं. समुद्रात खुंटाला बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे करून. मासळीच्या मागे धावायचं नाही, भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते आत. बोंबील, मांदेली, जवळा, सगळं असंच येतं. त्यामुळे पाण्यात जे असेल ते आमच्या खोल्यात येतं. खोला म्हणजे जाळ्याचं शेपूट, सगळ्यात बारीक आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक).

एक ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली की पहिल्या खेपांना खोला सोडला की आधी पिशव्या, शांपूच्या पुड्या, थर्माकोल, सलाइनच्या नळ्या, आणि त्यात अडकलेला जवळा. हे मोठं झालं, हाताने काढता येतं. आई नि काकी ओट्यावर जवळा निवडायला बसतात तेव्हा त्यात निळे-हिरवे दोरे असतात, केसाहून बारीक. चिमटीत येत नाहीत. ओल्या बोटाला चिकटवून काढायचे, बोट पदराला पुसायचं, परत पुढचा. पूर्ण निघत नाहीतच.

आणि आता खरं सांगते, माझ्याच लोकांना आवडणार नाही. ते निळे-हिरवे दोरे बरेचसे जाळ्यांचे आणि दोरखंडांचे आहेत. आजोबांच्या वेळी जाळी सुताची-सणाची, ती कुजायची. आता सगळं नायलॉन आणि प्लास्टिक. उन्हाने कडक होतं, खुंटाला घासून झिजतं, भुगा पाण्यात. सुताच्या जाळ्याकडे परत जा म्हणणाऱ्यांनी आधी ते ओलं जाळं एकदा ओढून बघावं. पण फाटलेलं जाळं किनाऱ्यावर आणून टाकलं तर ते घेणारं कोणीतरी पाहिजे ना? बंदरावर बर्फाची सोय आहे, डिझेलची आहे, जुन्या जाळ्याची नाही.

ओहोटी
वेसावची_पोर, याच्यासाठीच धागा काढला होता. धन्यवाद.

तिरफळ
+1. "बोट पदराला पुसायचं" वाचून एकदम ओटा डोळ्यांसमोर आला.

घारापुरी
कोळ्यांच्या जाळ्यांवर बोट दाखवणं सोपं आहे (ताई, तुम्हाला नाही, बाकीच्यांना म्हणतोय). घरातल्या मशिनीचं काय? 2016 मध्ये प्लिमथ विद्यापीठात मोजलं होतं : सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर धागे सुटू शकतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या 2017 च्या अहवालात समुद्रात थेट बारीक स्वरूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 35 टक्के कपडे धुण्यातून आणि 28 टक्के टायरच्या झिजेतून येतं असा अंदाज आहे.

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मशिनीचं पाणी मोरीत, मोरीतून गटारात, गटारातून वरळी नाहीतर वांद्र्याच्या पंपिंगला, आणि तिथून समुद्राच्या तळाखालच्या बोगद्याने किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून लांब नेऊन सोडलं जातं. आत्तापर्यंत त्याच्यावर प्रक्रिया म्हणाल तर जाळी नि गाळ खाली बसवणं, इतपतच. सात नवी मलजल (सांडपाणी) प्रक्रिया केंद्रं बांधली जातायत, ती चालू झाली की यातला बराच धागा गाळात अडकेल. मग त्या गाळाचं काय करायचं, हा पुढचा धागा. (कोटी अनवधानाने.)

कालवण
आमच्याकडे धुणं हाताने होतं. बाई येतात.

घारापुरी
हाताने घासल्यावरही सुटतात हो. आणि बाईंना त्रास वेगळाच.

सुशेगाद
मरीन ड्राइव्हला दर पावसाळ्यात मोठ्या भरतीला समुद्र सगळा कचरा कठड्यावरून रस्त्यावर परत फेकतो, ते दृश्य मला फार आवडतं. पालिकेचे लोक झाडू घेऊन धावतात. साभार परत!

निवृत्तकाका
आमच्या लहानपणी गिरगाव चौपाटीवर फक्त नारळ आणि निर्माल्य असायचं.

सुशेगाद
आणि भेळेचे कागद. रद्दीचे. त्यावरचा मजकूर वाचायला मिळायचा.

कालवण
भेळेवरून आठवलं, सुक्या जवळ्याची चटणी कुरमुऱ्यात कालवून...

संपादक मंडळ
पाककृतींचे तीन प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विषयाला धरून लिहावे.

अणुरेणू
बसलो एकदाचा. ओहोटी, लहान जीवापासून मोठ्याकडे जातो.

सगळ्यात तळाशी कोपेपॉड. जवळ्याहूनही कितीतरी बारीक प्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहत राहणारे जीव, समुद्राची अर्धी खाणावळ यांच्यावर चालते. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की हे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी गिळतात. 2015 मध्ये त्याच गटाने एका जातीच्या कोपेपॉडना नेहमीच्या शेवाळात पॉलिस्टायरीनचे (थर्माकोल ज्याचा करतात ते प्लास्टिक) मणी मिसळून दिले. ते मेले नाहीत. अंडीही तितकीच घातली. पण खाणं कमी झालं, पुढे अंडी लहान झाली आणि त्यातून पिल्लं कमी निघाली. "मरतात का" याचं उत्तर असं आहे : मरत नाहीत, कुपोषित होतात, आणि ते पुढच्या पिढीत दिसतं. त्यांची विष्ठा सुद्धा बदलते. मणी असलेली विष्ठा पाण्यात दुपटीहून हळू बुडते. क्षुल्लक वाटेल, पण वरच्या थरातलं अन्न नि कार्बन तळाकडे नेणारा हाच पाऊस आहे, तळातले जीव त्यावर जगतात.

दुसरी कालवं. 2016 चा फ्रान्समधला प्रयोग, दोन महिन्यांचा. पाण्यात पॉलिस्टायरीनचे मणी. माद्यांची अंडी 38 टक्क्यांनी कमी, नरांच्या शुक्रपेशींचा वेग 23 टक्क्यांनी कमी, डिंभकांचं (अंड्यातून निघालेल्या पिल्लांचं) उत्पादन 41 टक्क्यांनी कमी. कारण असं सांगतात की पचत नसलेल्या गोष्टीशी झटण्यात शक्ती जाते, ती पिल्लांच्या वाट्याची असते. तिसऱ्या, शिनाणे (इंग्रजीत मसल्स), कालवं हे सगळे दिवसभर पाणी गाळून पोट भरणारे. आलेलं सगळंच गिळतात असं नाही. नको ते बरंचसं चिकट बुळबुळीत गोळ्यात गुंडाळून बाहेर टाकतात. पण तो चिकट गोळा बनवायलाही खर्च येतोच.

मासे : 2017 मध्ये अमेरिकेत अँचोव्ही माशांच्या थव्यांवर प्रयोग झाला. समुद्रात राहून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकचा वास पाण्यात सोडला की थवा अन्न आल्यासारखा वागायला लागला. कोऱ्या प्लास्टिकच्या वासाला ढिम्म हलला नाही. आपली मांदेली त्याच कुळातली. मांदेलीवर हाच प्रयोग मी पाहिलेला नाही, पण माहीमच्या खाडीतलं प्लास्टिक कोरं नसतं एवढं नक्की.

अगदी तळ : प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत सहा किलोमीटरहून खोल सापडलेल्या एका झिंग्याच्या नातेवाइकाचं 2020 मध्ये बारसं झालं. पोटात बाटलीचं प्लास्टिक होतं, म्हणून नाव युरिथेनिस प्लास्टिकस.

कासवं उद्या. झोप आली.

तिरफळ
दंडवत घ्या.

मी_नवीन
छान माहिती. एक भर घालते. माशांची पिल्लं नेहमीचं अन्न सोडून प्लास्टिकच पसंत करतात, आणि त्यामुळे शिकारी आल्यावर पळतही नाहीत, असा 2016 मध्ये 'सायन्स' मध्ये निबंध आला होता. स्वीडनमधला. फारच भयानक.

सडेतोड
तो 2017 मध्ये मागे घेतला गेला. चौकशीत निघालं की प्रयोग सांगितल्याप्रमाणे झालेच नव्हते. नेटवर अजून फिरतोय, कृपया इथून पुढे पाठवू नका.

आणि अणुरेणू, तुमच्या यादीबद्दलही माझी तक्रार आहे. या प्रयोगांत टाकलेलं प्लास्टिक समुद्रात सापडतं त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. शिवाय गुळगुळीत, गोल, कोरे मणी. वेसावच्या ताईंच्या ओट्यावर गोल मणी दिसतात की दोरे? प्रयोगशाळेतल्या कालवाला भरपूर मणी चारून "समुद्रातली कालवं संकटात" म्हणणं मला पटत नाही. कालवांना खरा त्रास सांडपाणी, गाळ आणि भरावाचा. प्लास्टिक हा फोटोत छान येणारा शत्रू आहे, म्हणून त्याच्यावर लेख येतात.

अणुरेणू
सडेतोड, अर्धं मान्य. मात्रा जास्त असते, आणि मणी वापरतात कारण ते विकत मिळतात, मोजायला सोपे. अलीकडे धाग्यांवर आणि झिजलेल्या तुकड्यांवर प्रयोग होतायत ते यासाठीच. पण समुद्रातली "कमी मात्रा" मोजताना बरेचदा 0.3 मिलिमीटरच्या जाळीने मोजतात. त्याहून बारीक सगळं आसातून निसटतं, आणि कोपेपॉड खातो ते तेच.

उरलेलं अर्धं मान्य नाही. सांडपाणी नि प्लास्टिक वेगळे शत्रू नाहीत, घारापुरींनी वर लिहिलंय तसे ते एकाच नळातून येतात. मिठी, दहिसर, ओशिवरा या नद्यांच्या मुखाशी राहणाऱ्या जीवाला कमी प्राणवायू, तेल, जड धातू आणि वर हे. प्रयोगशाळेत एकेक करून तपासतात, खाडीत सगळे एकदम येतात.

सडेतोड
"एकदम येतात" हे पटलं. तरी खर्च करायचा तर आधी मलजल केंद्रांवर करा, चौपाटीवर हातमोजे घालून फोटो काढण्यावर नको.

सुशेगाद
अहो, त्या हातमोज्यांमुळेच वर्सोवा साफ झालं. 2015 पासून अफरोज शहा आणि मंडळी रविवार-रविवार कचरा उचलत होती. 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली, कित्येक वर्षांनी. पिशवी उचलली की तिचे पुढचे हजारो तुकडे वाचले. मायक्रो व्हायच्या आधीच उचलणं सगळ्यात स्वस्त.

सडेतोड
हे मात्र खरं.

डहाणूची_माधवी
कासवांचा विषय निघालाच आहे. आमच्याकडे डहाणूला जखमी कासवांचं उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात वाऱ्याने किनाऱ्याला लागलेली कासवं तिथे आणतात. मी बघायला गेले होते. टाकीत एक रिडले होतं, पुढचा उजवा वल्हा खांद्यापासून नाही. तुटलेल्या जाळ्याचा फास बसून तो आधीच मेला होता, डॉक्टरांनी काढला. कासव एकाच बाजूने वल्हवायचं, त्यामुळे गोल गोल फिरायचं. मग शिकलं म्हणे, मागचे पाय तिरके धरून सरळ जायला. सरळ जाताना मी बघितलं. मधेच काठावर आपटत होतं, पण जात होतं.

त्यांच्या पोटात बारीक प्लास्टिक असतं का हे तिथे विचारलं, तर म्हणाले जखम दिसते ती बरी करतो, पोटातलं मेल्यावर कळतं.

अणुरेणू
माधवीताई, तेच. जगभरातला आकडा आहे. 2018 मध्ये तीन सागरांतल्या, सातही जातींच्या 102 मेलेल्या कासवांची आतडी तपासली. प्लास्टिक नाही असं एकही निघालं नाही. बहुतेक धागे. आतड्याचा थोडाच भाग तपासला होता, म्हणजे कणांचा खरा आकडा मोठा. पण त्या संशोधकांनीच लिहिलंय की फास आणि मोठे तुकडे कासवांना जास्त मारतात, बारीक धागे बहुधा पार होऊन जातात. धाग्यांमुळे कासव मेलं असं छातीठोक म्हणता येत नाही.

पक्ष्यांचं उलट. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरच्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठराच्या भिंतीत प्लास्टिकने घासून घासून कायमचे व्रण झालेले सापडले. 2023 मध्ये त्या आजाराला प्लास्टिकोसिस नाव दिलं. तिथे कार्यकारण बरंच स्पष्ट आहे.

ओहोटी
म्हणजे माझ्या प्रश्नाला जीव बदलला की उत्तर बदलतं. कोपेपॉडला पिल्लांत फटका, कालवाला प्रजननात पण मात्रा वादग्रस्त, कासवाला जाळं आधी मारतं, पक्ष्याला जठरात. अशी वेगवेगळी उत्तरं असतील तर "समुद्री जीव धोक्यात" या एका मथळ्यात ती बसतात कशी?

सडेतोड
बसत नाहीत. म्हणून तर क्रेडिट कार्ड.

कालवण
सगळं वाचलं, अगदी मन लावून. आता कृपा करून तिसऱ्या.

अणुरेणू
बरं बाबा. मासा साफ करताना पोट जातं, त्यातलं बहुतेक प्लास्टिक तिथेच जातं. तिसऱ्या-शिनाणे आपण पोटासकट खातो, म्हणून शंका रास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये हिशोब केला : 225 ग्रॅम शिनाण्यांच्या ताटात जास्तीत जास्त 7 मायक्रोग्रॅम. आणि 2018 मध्ये स्कॉटलंडमध्ये निघालं की शिनाण्यांतून वर्षाला शंभरसव्वाशे कण पोटात जातात, तर जेवताना ताटात पडणाऱ्या घरातल्या धुळीतून हजारो. पडदे, सोफा, चादरी. मुंबईतल्या तिसऱ्यांचा आकडा वेगळा असेल, पण मी खातो. खाडीच्या तोंडाशी काढलेल्या घेत नाही, ते मात्र प्लास्टिकसाठी नाही, जंतूंसाठी.

कालवण
देव तुमचं भलं करो. जेवताना पंखा बंद करतो.

शाकाहारी_साळू
म्हणजे आम्हीही सुटलो नाही. पडदे सुती आणते.

घारापुरी
एक वेगळं विचारतो. मढजवळच्या आक्शा चौपाटीला भरतीच्या रेषेत पांढरट-पिवळट दाणे दिसतात, भिंगासारखे चपटे, साबुदाण्याएवढे. ते काय?

अणुरेणू
कारखान्यात वितळवून वस्तू करायचा कच्चा माल. नर्डल म्हणतात. 2021 मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं तेव्हा यांचे सुमारे 1,680 टन समुद्रात गेले. 2025 च्या मे महिन्यात केरळसमोर एमएससी एल्सा 3 बुडालं, तेव्हा तिकडच्या किनाऱ्यांवर पोती फुटून पसरले. आक्शाचे मात्र जहाजाचेच असतील असं नाही. गोदामात, ट्रकमध्ये, गोदीत रोज थोडे सांडतात, पाऊस पडला की नाल्यात. मासे-पक्षी गाबोळी समजून खातात. रविवारी गोळा करा, रंग लिहून ठेवा. पिवळे पडलेले जुने, पांढरे ताजे.

घारापुरी
चाळणी कोणती नेऊ?

वेसावची_पोर
रव्याची नको, ओली वाळू अडकते. गव्हाची चाळण न्या, त्यातून वाळू पडते, दाणे राहतात काय ते बघा. नसतील राहत तर बादलीत पाणी घेऊन वाळू ढवळा, दाणे वर तरंगतात. आणि पाण्यात उतरू नका, आक्शाचं पाणी ओढतं.

तिरफळ
चाळण घरी विचारून न्या. परत स्वयंपाकघरात घेणार नाहीत.

कालवण
घारापुरी, तिकडे जाताच आहात तर मढहून सुके बोंबील आणाल का? पैसे लगेच पाठवतो.

वेसावची_पोर
आत्ता मिळतील ते मागच्या वर्षीचे, पावसाने मऊ पडलेले. दिवाळीनंतर घ्या, नवे वाळतील तेव्हा.